रिमफायर रायफल

रिमफायर रायफल : रिमफायर काडतूस वापरणारी, लहान व्यासाच्या नळीची रायफल. या काडतुसाच्या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली एक पोकळ कड असते व आघाताने पेटणारे रसायन त्या कडेतच भरलेले असते. रायफलीची फायरिंग पिन बुडाच्या मध्यावर न आपटता कडेवर आपटते आणि बार उडतो. कडेला इंग्रजीत ‘रिम’ म्हणतात, त्यावरून हे नाव रूढ झाले. सैनिकी रायफलींच्या व मोठ्या शिकारीच्या काडतुसांत पेटवणीची टोपी बुडाच्या मध्यभागी वेगळी बसविलेली असते. त्यांना ‘सेंटरफायर’ म्हणतात (→ काडतूस). रिमफायर रायफलींपैकी सर्वांत प्रचलित ती ०·२२ इंच (सु. ५·६ मिमी.) व्यासाची. भारतात ती ‘पॉइंट टू-टू’ या नावाने ओळखली जाते आणि राष्ट्रीय छात्रसेनेत शिकलेल्या अनेकांनी आयुष्यातील पहिली गोळी हिच्यातूनच झाडलेली असते.

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांत ही रायफल शेतकऱ्याच्या अवजारांत मोडते. ससे, खारी, जमिनीत बिळे करणारे कृंतक प्राणी यांच्यापासून पीक राखण्यासाठी ती घरोघर बाळगली जाते. भारतात तिची जागा नेमबाजीच्या मैदानावर आहे. वास्तविक येथील शेतकऱ्याला वन्य प्राण्यांचा उपद्रव इतर देशांपेक्षा कमी नाही. खानदेशात केळी, मका व हरभरा पिकविणाऱ्यास तो रोजचा आहे. तरीही ‘पॉइंट टू-टू’ त्याच्या उपयोगी का पडत नाही, हे समजण्यासाठी काडतुसाची ताकद, उपद्रवी प्राण्यांचे आकारमान आणि शस्त्रास्त्रांचा व वन्य जीवांचा कायदा या सर्वांचा एकत्र विचार करावा लागतो.

इतिहास : फ्रेंच बंदूककार लूई निकोलस फ्लोबेर याने १८४५ च्या सुमारास टोपीच्या तोंडावरच शिशाची लहान गोळी बसवून एक काडतूस तयार केले. त्यात दारू नव्हती. टोपीतील रसायनाच्या जोरावरच गोळी सुटे. दिवाणखान्यात बसून नेम धरण्याच्या करमणुकीपुरती तिची ताकद होती. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या कंपनीने १८५७ मध्ये पुंगळी थोडी लांब करून तीत काळी दारू भरली व ०·२२ शॉर्ट हे काडतूस आपल्या खिशात मावणाऱ्या रिव्हॉल्व्हरसाठी बाजारात आणले. धातूच्या पुंगळीत गोळी, दारू व पेटवण हे तिन्ही घटक एकत्र असलेल्या आरंभीच्या यशस्वी काडतुसांत त्याची गणना होते. त्यानंतर १८७१ मध्ये ०·२२ लाँग आणि १८८७ मध्ये मॅसॅचूसेट्समधील स्टीव्हन्स कंपनीचे ०·२२ लाँग रायफल ही काडतुसे आली. यांतील शेवटचे आजही जगात सर्वाधिक खपणारे काडतूस आहे. काळ्या दारूची जागा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरहीन दारूने घेतली. टोपीतील पारायुक्त व क्षारयुक्त रसायनांमुळे नळीला गंज चढत असे. १९२० नंतरच्या दशकात शिशाच्या संयुगांवर आधारलेली पेटवण प्रचारात आल्यावर ही तक्रार दूर झाली आणि नळीचे आयुष्य कित्येक पटींनी वाढले.

इंग्लंडमध्ये याच सुमारास ‘रूक रायफल’ नावाचा एक प्रकार होता. रूक हा कावळ्याच्या जातीचा पक्षी तेथील पेरलेले धान्य उकरून खाई, त्याला टिपण्यासाठी ही हलकी रायफल वापरीत. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या सामानातून ती भारतातही आली. पुढे स्वस्त ०·२२ रायफलीने तिला मागे टाकले. भारतीय शेतकऱ्याच्या हाती या दोहोंपैकी काहीही येणे कठीण होते. कारण १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याची सक्ती केली होती व तीतून मिळणाऱ्या सवलती प्रामुख्याने यूरोपीयांच्या वाट्याला येत. ज्या शेतकऱ्याला परवाना मिळे, त्याच्या मचाणावर असे ती ठासणीची बंदूक.

रचना व कार्य : रिमफायर पुंगळी पितळेच्या पातळ पत्र्यापासून ओढून तयार करतात. ओले पेटवणद्रव्य पुंगळीत टाकून ती वेगाने फिरविली की, केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे ते कडेच्या पोकळीत जाऊन बसते. ते वाळल्यावर दारू भरतात व गोळी बसवितात. फायरिंग पिनच्या आघाताने कड नळीच्या तोंडाच्या काठावर चेपली जाऊन आतील द्रव्य पेटते. म्हणजे कड मऊ असलीच पाहिजे, अन्यथा ती चेपणार नाही. आणि कड मऊ व पातळ ठेवायची म्हटले की, आतील दाबावर मर्यादा येते. ०·२२ लाँग रायफल काडतुसात हा दाब दर चौ. इंचास सु. २४,००० पौंडांच्या वर जाऊ देत नाहीत. सैनिकी काडतुसांतील दाब याच्या दुपटीहून अधिक असतो. रिमफायरची सगळी गुणवैशिष्ट्ये आणि सगळ्या उणिवा या एका मऊ कडेतून उद्‍भवतात.

कड एकदा चेपली की, ती पुंगळी टाकून द्यावी लागते. सेंटरफायर पुंगळीप्रमाणे नवी टोपी बसवून ती पुन्हा भरता येत नाही. पेटवणद्रव्य कडेत सर्वत्र सारखे न पसरल्यास बार उडत नाही. अशा वेळी रायफल लक्ष्याच्या दिशेने तशीच धरून काही वेळ थांबावे व मगच बोल्ट उघडावा, असा दंडक आहे. पेटवण उशिराने धरण्याची शक्यता असते. तेच काडतूस थोडे फिरवून पुन्हा घातल्यास पिन कडेच्या दुसऱ्या भागावर आपटून बहुधा ते उडते. काडतूस न घालता रायफलीचा चाप वारंवार ओढणे हेही वर्ज्य मानतात; कारण अनेक रायफलींत पिन नळीच्या काठावरच आपटून तेथे खाच पडते आणि मग चांगले काडतूसही दगा देऊ लागते.

गोळी शिशाची, सु. २·६ ग्रॅ. वजनाची असून तिच्यावर मेणचट वंगणाचा थर असतो. नळीच्या आतील पृष्ठावर सर्पिल खाचा कापलेल्या असतात व त्यांचा एक फेरा साधारणतः १६ इंचांत (सु. ४०·६ सेंमी.) पूर्ण होतो. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि हवेत कोलमडत नाही. रायफल एकबारी, बोल्ट मागेपुढे करून भरावयाची किंवा अर्धस्वयंचलित असते. काडतुसे पेटीवजा किंवा नळीवजा कोठ्यात ठेवतात. अमेरिकेतील १९६४ पासून बनत असलेली रूगर १०/२२ ही अर्धस्वयंचलित रायफल अतिशय लोकप्रिय आहे. भारतात इशापूर (प. बंगाल) येथील शासकीय रायफल कारखान्याने बोल्ट पद्धतीच्या ०·२२ रायफली बनविल्या. परदेशी रायफलींपैकी चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो व इंग्लंडमधील बी.एस.ए. या जुन्या परवानाधारकांच्या घरांत आढळतात. खाजगी व्यक्तींसाठी शस्त्रांची आयात १९८० नंतरच्या दशकात जवळजवळ बंद झाल्याने या रायफली वारसाहक्काने किंवा परवान्यावरील विक्रीनेच हस्तांतरित होत आल्या.

ताकद व पल्ला : नळीचा व्यास सांगितला म्हणजे रायफलीची ताकद कळली, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो किती फसवा आहे, हे दाखविणारे उदाहरण खानदेशातच आहे. भुसावळजवळील दीपनगरच्या पूर्वेस वरणगाव येथे लहान शस्त्रांच्या दारूगोळ्याचा केंद्रीय कारखाना असून (स्थापना १९६४) तो २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीकडे आहे. तेथे ७·६२ मिमी. आणि ५·५६ मिमी. व्यासाची सैनिकी काडतुसे तयार होतात. ५·५६ आणि ‘पॉइंट टू-टू’ची ५·६ मिमी. यांत कागदावर काहीच अंतर दिसत नाही. प्रत्यक्षात ५·५६ मिमी. काडतुसातील सु. ४ ग्रॅ. वजनाची गोळी दर सेकंदास ९०० मी.च्या आसपास वेगाने सुटते आणि तिची ऊर्जा १,६०० जूलांहून अधिक भरते. ०·२२ लाँग रायफलची गोळी दर सेकंदास ३२० ते ३८० मी. वेगाने सुटते व तिची ऊर्जा १३० ते १९० जूलांच्या दरम्यान असते. व्यास जवळजवळ एकच आणि ताकदीत जवळपास दसपट अंतर. ते पडते पुंगळीच्या आकारामुळे व तिला सोसणाऱ्या दाबामुळे.

नेमबाजीसाठी मुद्दाम कमी वेगाची काडतुसे निवडतात. गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाहून अधिक असल्यास वाटेत तो कमी होताना गोळी ध्वनिवेगाची सीमा ओलांडते व त्या क्षणी हवेच्या खळबळीने किंचित डळमळते. आरंभीपासूनच वेग त्याखाली ठेवला की, हा दोष टळतो. आवाजही कमी होतो. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो, हे येथे लक्षात घ्यावयाचे. १५° से. तापमानास तो दर सेकंदास सु. ३४० मी. असतो, तर जळगाव–भुसावळच्या मे महिन्यातील ४५° से. तापमानात ३५८ मी.च्या घरात जातो.

कमी वेगामुळे गोळीचा मार्ग लवकर वाकतो. ५० मी. अंतरावर नेम बसवून घेतलेल्या रायफलीची गोळी १०० मी.वर १५ ते २० सेंमी. खाली लागते. सशाएवढ्या प्राण्याच्या बाबतीत एवढी चूक म्हणजे नेम हुकणे किंवा त्याहून वाईट म्हणजे पाय मोडून प्राणी निसटणे. म्हणून जाणते शिकारी ०·२२ चा उपयोग ५० ते ७० मी.पर्यंतच करतात व मेंदू किंवा हृदय यांखेरीज इतरत्र नेम धरीत नाहीत. अधिक अंतरासाठी १९५९ मध्ये विंचेस्टर कंपनीने ०·२२ मॅग्नम आणि २००२ मध्ये हॉर्नडी कंपनीने ०·१७ एच.एम.आर. हे काडतूस काढले. दुसऱ्यातील गोळी अवघी १·१ ग्रॅ. असते, मात्र तिचा वेग दर सेकंदास सु. ७७५ मी. असतो, ती सरळ जाते आणि लक्ष्यावर आदळताच फुटते. तरीही तिची ऊर्जा सु. ३३० जूलांपलीकडे जात नाही.

गोळीचा परिणामकारक पल्ला आणि तिचा धोक्याचा पल्ला या दोन निराळ्या गोष्टी होत. ७० मी.वर निरुपयोगी ठरणारी हीच गोळी नळी वर उचलून झाडली असता सु. दीड किमी. जाते आणि तेथेही माणसाला जखमी करू शकते. शिवाय मऊ शिशाची, मंद गतीची गोळी कठीण जमिनीवरून, खडकावरून किंवा पाण्यावरून उसळून भलतीकडे जाते. ठासणीच्या किंवा बारा बोअरच्या बंदुकीतील बारीक छरे दोन-तीनशे मीटरांत जोर गमावून खाली पडतात. पिकाच्या राखणीत छऱ्याच्या बंदुकीला रायफलीपेक्षा जास्त पसंती मिळत आली, यामागे हेही एक व्यवहारी कारण आहे. दीपनगरचा परिसर डोळ्यांपुढे आणावा : एका बाजूस औष्णिक विद्युत् केंद्र व तेथून निघालेल्या उच्च दाबाच्या तारा, मधून गेलेला लोहमार्ग व राष्ट्रीय महामार्ग, आणि या सर्वांच्या अवतीभवती शेते व वस्त्या. पाठीमागे मातीचा उंचवटा नसताना येथे रायफल झाडल्यास गोळी कोठे विसावेल, हे सांगता येणार नाही. केळीच्या बागेत तर वीस पावलांपलीकडचे माणूसही दिसत नाही.

परदेशांतील उपयोग : उपद्रवी प्राण्याला अमेरिकन बोलीत ‘वार्मिंट’ म्हणतात, ‘व्हर्मिन’ या शब्दाचे ते ग्रामीण रूप आहे. तेथील गवताळ प्रदेशांत बिळे करून राहणाऱ्या खारी व तत्सम प्राणी हे रिमफायरचे नेहमीचे लक्ष्य होय. ब्रिटनमध्ये ससे व करड्या खारी मारण्यासाठी ती वापरतात. ऑस्ट्रेलियात १८५९ साली टॉमस ऑस्टिन याने व्हिक्टोरिया प्रांतात सोडलेल्या यूरोपीय सशांची प्रजा काही दशकांत खंडभर पसरली आणि ‘पॉइंट टू-टू’ ही तेथील प्रत्येक शेतावरची गरज बनली. परंतु लक्षावधी ससे मारूनही त्यांची संख्या आटोक्यात आली नाही. ती खरी घटली ती १९५० मध्ये मिक्सोमॅटोसिस या रोगाचा विषाणू सोडल्यावर. बंदुकीने एखाद्या बागेचे रक्षण होते, जातीचे नियंत्रण होत नाही, हा या प्रसंगाचा अर्थ पीकसंरक्षणाच्या चर्चेत बहुधा विसरला जातो. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये शस्त्रकायदा कडक केला, तेव्हा अर्धस्वयंचलित रिमफायर रायफलींवर कठोर निर्बंध आले, बोल्ट पद्धतीची रायफल मात्र सर्वांत सौम्य वर्गात राहिली. शिशाच्या गोळीने मेलेला प्राणी गिधाडांनी खाल्ल्यास त्यांना विषबाधा होते, म्हणून कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या वापरण्यास पूर्ण बंदी आहे. रिमफायर काडतुसे तीतून सुटलेली नाहीत.

खानदेशातील पीडक प्राणी : तापीच्या दोन्ही काठांवर मातीच्या खोल घळी व त्यांत माजलेल्या वेड्या बाभळी आहेत. दिवसा तेथे दडलेली रानडुकरे रात्री शेतांत उतरतात. भुईमूग ती नांगरल्यासारखा उकरतात, मका व ऊस आडवा करतात, केळीचे कंद व पिले खातात. खातात त्याच्या कितीतरी पट अधिक तुडवितात. रोही म्हणजे नीलगाय हरभरा, तूर, गहू यांवर कळपाने येते. पूर्ण वाढलेल्या रानडुकराचे वजन १०० किग्रॅ.च्या आसपास जाते व नराच्या खांद्यावर चिवट कूर्चेचे जाड कवच असते. रोह्याचा नर २०० किग्रॅ.हून अधिक भरतो. यांच्यावर ‘पॉइंट टू-टू’ झाडणे म्हणजे जनावर जखमी करून सोडणे होय. जखमी डुक्कर घळीत शिरते, कित्येक दिवस कुजत मरते किंवा सकाळी पाणी द्यायला आलेल्या मजुरावर उलटते. त्यांच्यासाठी दोन हजार जूलांहून अधिक ऊर्जेचे शस्त्र लागते आणि ते रिमफायर पद्धतीत होऊच शकत नाही.

ज्यांच्यासाठी ही रायफल योग्य, ते लहान प्राणी खानदेशातही आहेत. ससा कोवळी रोपे कुरतडतो, पण त्याने होणारे नुकसान किरकोळ असते. पोपटांचे थवे ज्वारी-बाजरीच्या कणसांवर व पेरूवर पडतात. त्यांना गोफण, डबा व बुजगावणे हेच जुने उपाय पुरतात. खरे मोठे नुकसान उंदीर व घुशी करतात. शेतातील घूस व मऊ केसांचा शेतउंदीर हे बिळांत धान्य साठवितात, केळीच्या बागेतील ठिबकाच्या नळ्या कुरतडतात आणि एका हंगामात अनेक पटींनी वाढतात. मारण्यास कायद्याची आडकाठी नसलेला हा प्राणी रात्री हिंडतो, जमिनीखाली राहतो आणि एक मेला तर त्याचे बीळ दुसरा घेतो. त्याच्या बाबतीत झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमाडिओलोनची आमिषे, सापळे, बांधांची सफाई आणि गव्हाणी घुबडांना आसरा हेच उपाय चालतात. अशा रीतीने ज्या प्राण्याला ही रायफल पुरेल त्याला तिची गरज नाही आणि ज्याच्यासाठी गरज आहे त्याला ती पुरत नाही, अशी येथील स्थिती आहे.

कायदा : ‘उपद्रवी’ कोणाला म्हणावे, हे काळाप्रमाणे बदलत आले आहे. ब्रिटिश अमदानीत वाघ, बिबळ्या व लांडगा मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व पक्षी संरक्षण अधिनियम केला आणि १९७२ च्या केंद्रीय वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने देशभर एकच चौकट घातली. शौकाखातर शिकारीचे परवाने देण्याची तरतूद त्यात आरंभी होती; १९९१ च्या दुरुस्तीने ती संपुष्टात आली. कावळे, उंदीर, घुशी व फलभक्षी वटवाघळे यांना पीडक म्हणून पाचव्या अनुसूचीत घातले होते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आल्यावर ती अनुसूचीच राहिली नाही. रानडुक्कर व नीलगाय पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होती, आता ती दुसऱ्या अनुसूचीत आहेत.

संरक्षित प्राणी उभ्या पिकांना घातक झाला असेल, तर मुख्य वन्य जीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी त्याला मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो (कलम ११). याच आधारे महाराष्ट्रात रानडुक्कर व नीलगाय यांच्या बाबतीत अशा परवानग्या दिल्या जातात. याखेरीज केंद्र शासन एखाद्या प्रदेशापुरते व ठरावीक मुदतीपुरते एखाद्या प्राण्यास पीडक घोषित करू शकते (कलम ६२). बिहारमध्ये रानडुक्कर व नीलगाय यांच्याविषयी डिसेंबर २०१५ मध्ये अशी अधिसूचना निघाली आणि जून २०१६ मध्ये मोकामा भागात दोनशेहून अधिक नीलगायी मारण्यात आल्या. त्यावरून देशभर वाद झाला.

परवानगी मिळाली तरी शस्त्र कोणते, हा प्रश्न उरतोच आणि त्याचे उत्तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमात (अंमल १९६२ पासून) स्पष्ट आहे. त्याच्या तेराव्या कलमानुसार खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावयाचा असतो, ती अपुरी पडत असल्यास किमान २० इंच (५०·८ सेंमी.) लांब नळीच्या, आत खाचा नसलेल्या दुसऱ्या बंदुकीचा देता येतो. ‘पॉइंट टू-टू’ रायफलीचा उल्लेख त्याच कलमात लगेच पुढे आहे, तो मात्र मान्यताप्राप्त रायफल मंडळाच्या सभासदाने लक्ष्यवेधाच्या सरावासाठी वापरावयाची रायफल म्हणून. इतर कारणांसाठी ती मागणाऱ्याने सबळ कारण दाखवावे व परवाना अधिकाऱ्याने ते पटवून घ्यावे, अशी योजना आहे. कायदा करणाऱ्यांनी या रायफलीचे स्वरूप नेमके ओळखले होते, असे म्हणावे लागते. ठासणीच्या बंदुकीविषयी मात्र तेच म्हणता येणार नाही. ती भरण्यास वेळ लागतो, पावसाळी रात्री दारू सादळते आणि निकृष्ट नळी फुटून हात गमावल्याची उदाहरणे घडतात.

अभयारण्याच्या हद्दीपासून १० किमी.च्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपल्या शस्त्राची नोंद मुख्य वन्य जीव रक्षकाकडे करावी लागते व या पट्ट्यात नवा परवाना त्याच्या पूर्वसंमतीवाचून दिला जात नाही. जळगाव जिल्ह्यातील यावल (१९६९), चाळीसगावकडील गौताळा–औट्रमघाट आणि धुळे जिल्ह्यातील अनेर धरण ही अभयारण्ये ध्यानात घेतली, तर खानदेशातील पुष्कळ गावे या तरतुदीखाली येतात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्याचा उत्तर भाग सातपुड्याच्या पायथ्याला भिडलेला आहे, म्हणजे जेथे उपद्रव अधिक तेथेच शस्त्रावरील निर्बंधही अधिक आहेत.

या पेचातून शेतकरी जे मार्ग काढतात, त्यांतील काही घातक आहेत. कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडल्याने डुकरांबरोबर बिबळे, गुरे व माणसेही मरतात. हा गुन्हा आहे. आमिषात दडविलेला गावठी बाँब चावणाऱ्या जनावराचा जबडा उडवितो आणि तेच आमिष गावातील कुत्र्याच्या किंवा मुलाच्याही हाती लागू शकते. त्या मानाने सौर ऊर्जेवर चालणारे झटका यंत्र निर्धोक असते. त्यातून क्षणभरच विजेचा ठोका बसतो, प्राणी दचकून मागे फिरतो, मरत नाही. मात्र तारांखालचे गवत वेळोवेळी कापावे लागते व डुकरांसाठी सर्वांत खालची तार जमिनीलगत ठेवावी लागते. वन विभागाकडून पिकांच्या हानीबद्दल भरपाई मिळते. तिच्यासाठी मुदतीत अर्ज व स्थळपंचनामा आवश्यक असतो.

नेमबाजी : भारतात रिमफायर रायफलीचा विकास झाला तो क्रीडाक्षेत्रात. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील ५० मी. रायफल प्रकार ०·२२ लाँग रायफल काडतुसानेच खेळला जातो. त्यातील लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०·४ मिमी. असतो, म्हणजे गोळीच्या व्यासाच्या दुपटीहून कमी. एवढ्या अचूकतेसाठी खेळाडू आपल्या नळीला कोणत्या उत्पादन गटाची काडतुसे मानवतात, हे एकेक गट झाडून पाहतात आणि जुळलेला गट वर्षभरासाठी साठवून ठेवतात. मूळच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे व मध्य रेल्वेच्या सेवेतील स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळविले. या प्रकारात खेळाडू गुडघ्यावर बसून, पालथे पडून व उभ्याने अशा तीन स्थितींत गोळ्या झाडतो.